रेघेपर्यंत पाणी

बाटलीत नुसती पांढरी भुकटी.
मेडिकलवाला म्हणाला, उकळून गार केलेलं पाणी घाला,
बरोबर या रेघेपर्यंत. जास्त नको, कमी नको.
मी दिवसाला हजार विड्या मोजून देणारी बाई,
एक कमी भरली तर कारखान्यात अख्खी जुडी तोंडावर फेकतात.
आणि हा मला रेघ शिकवतोय.

आदल्या रात्री लास्या रडत होती.
दीड वर्षाची. शब्द चारच:
अम्मा, नीळ्ळू, दे, नको.
कान हा शब्द तिच्याकडे नव्हता,
म्हणून ती कान ओढत होती.
आडवी केली की किंचाळायची.

दशरथ शेजारीच घोरत होता.
एकोणीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस;
चादरींवर मोर उठवता उठवता
त्याच्या कानातले बारीक आवाज एकेक करून निघून गेले,
आधी घड्याळ, मग चिमण्या, मग मी.
मी त्याचा हात ओढून तिच्या पाठीवर ठेवला
तेव्हा उठला.
रडणं त्याला तळहातातून कळलं.

नीलव्वानं लसूण घालून तेल तापवलं,
वाटी माझ्या ओट्यापर्यंत आली.
घालणार होते मी. खरं सांगते.
दशरथ रिक्षा घेऊन आला म्हणून राहिलं.

डॉक्टर हविनाळेंवर माझा राग होता.
मागच्या महिन्यात हिला सर्दी झाली
तर म्हणाले, औषध लागत नाही, आपोआप जाईल.
काहीच न लिहिण्याचे पैसे घेतात,
असं मी सगळ्या विडी घरकुलात सांगून ठेवलं होतं.
यावेळी बारक्या दिव्यानं दोन्ही कानांत बघितलं,
बराच वेळ गप्प,
मग पेन उचललं.
दोन्ही पडदे फुगलेत, मागे पू आहे. आता लागतं.
घरात विडी कोण ओढतं?
कोणी नाही, मी म्हणाले, आम्ही फक्त वळतो.
ते काही बोलले नाहीत.
मीच माझी नखं पदराखाली घेतली.

सकाळी एक माप, रात्री एक माप, सात दिवस.
फ्रीज नाही. माठाखालच्या ओल्या वाळूत बाटली रोवली.
हलवायची, मग द्यायची.
लास्या दात आवळते, थुंकते,
धार हनुवटीवरून फ्रॉकवर.
थुंकलेलं माप धरायचं की नाही,
रात्री दहाला कोणाला विचारू?
भिंतीवर खडूच्या रेघा, थुंकलेल्या रेघेवर फुली.

तिसऱ्या दिवशी पोरगी हसली.
सासू म्हणाली, चालु.
आमच्या तेलुगूत म्हणजे पुरे.
मी ते मराठीतलं ऐकलं.

पण चौथा, पाचवा, सहावा फार अवघड गेले.
ताप नाही, रडं नाही, काही नाही,
आणि खेळणाऱ्या लेकराला मांडीत दाबून
चमचा तोंडात घालायचा.
दिसत नाही त्याच्याशी भांडायचं.

सातव्या रात्री तळाशी बोटभर उरलं.
नीलव्वा आली. तिच्या बसूचा कान ठणकत होता, पाच वर्षांचा पोरगा.
उरलंय का गं?
सांडलं, मी म्हणाले.
तिच्या तेलाची वाटी अजून माझ्याच ओट्यावर होती.

सकाळी रोज बुडवून तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.
डॉक्टरांनी बसूला दुखण्याचं औषध दिलं, बास.
दोन दिवस बघू, नाही उतरलं तर लगेच आणा.
नीलव्वा अशोक चौकापर्यंत फणफणत होती,
काहीच न लिहिण्याचे पैसे!
मी दुसरीकडे बघून हसले.

आता सूप मांडीवर. भिजलेली पानं, कात्री.
बसूचं उतरलं म्हणे, न लिहिताच.
लास्या उंबऱ्याजवळ, सुपापासून लांब.
कात्री कचकन वाजली की मान वळवते.
दशरथ पायरीवर बसून तिच्याकडे बघत असतो.
तिची मान वळली
की त्याला कळतं,
कुठंतरी काहीतरी वाजलं.