दोनशे पावलं आधी

माझा नवरा फरामर्ज एकोणीस वर्षं चित्त्याच्या नोकरीत आहे
आणि चित्ता त्याने दोनदा पाहिलाय.
एकदा लांबून, पाठमोरा, मिनिटभर.
दुसऱ्या वेळचं सांगते पुढे.

लग्नाआधी आईने विचारलं होतं, मुलगा करतो काय?
मामा म्हणाला, राखणदार आहे.
कशाचा?
मामाने खिडकीबाहेर हात केला.
बाहेर मीठ, दगड, ताघाची खुरटी झुडपं
आणि पार आभाळ टेकतं तिथवर कुणाचंच काही नाही.
आई म्हणाली, एवढं सगळं?

महिन्यातून एकदा तो कॅमेऱ्याची कार्डं आणतो
पाणवठ्यावरून, खिशात, फुटाण्यांसारखी खुळखुळत.
तीन हजार फोटो. वारा.
वारा. झुडूप हललं म्हणून झुडूप.
साळिंदर. कुणाचा तरी उंट, भिंगाला नाक लावून.
वारा.
त्याचे डोळे चुरचुरतात, म्हणून मी बघते.
माझी नजर गालिच्यावर पिकलीय;
सातव्या वर्षापासून गाठी मारतेय,
एक गाठ चुकली तर डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.

शहरातली मुलं चित्त्यांना आकडे देतात.
मला आकडे लक्षात राहत नाहीत.
एका मादीच्या डाव्या मांडीवर
तीन ठिपके एकमेकांत घुसलेले होते,
विणताना दारातून कुणी हाक मारावी
आणि हात चुकावा, तसे.
तिचं नाव मी हाक ठेवलं.
चार हिवाळे ती येत राहिली, पाणी पिऊन जात राहिली.
एका फोटोत जीभ बाहेर. तो मी खूप वेळ बघितला होता.

नौरोजला बारा दिवस होते.
फरामर्जने फोन केला नाही, नुसता फोटो पाठवला:
डांबर, पांढरा पट्टा, पट्ट्यावर ती.
शहरातले म्हणाले, चेहरा उरलेला नाही,
खात्री देता येत नाही, तपासणीला वेळ लागेल.
मी फोटो आडवा केला.
डावी मांडी.
म्हटलं, लिहून टाका.

तेव्हापासून सुट्टीच्या रात्री तो रस्त्यावर उभा राहतो.
एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी,
काठीला माझी लाल ओढणी. न विचारता नेलेली.
एकदा सिमेंटचा ट्रक किंचाळत थांबला.
ड्रायव्हर उतरला तो मारायलाच.
भरलेली गाडी दोनशे पावलांत उभी राहत नाही, कळतं का?
फरामर्ज म्हणाला, मग दोनशे पावलं आधी ठरवायचं.
ड्रायव्हर नुसता बघत राहिला. मग विचारलं, उरलेत किती?
याने दोन्ही हातांची बोटं वर केली,
मग एक हात खिशात घातला.
थंडी होती म्हणून.
पण ड्रायव्हरने टोपी काढली.

आता तो माणूस तिथून जाताना आठवणीने हळू होतो
आणि सलाम म्हणून लांबलचक भोंगा वाजवतो.
फरामर्ज घरी येऊन त्याला शिव्या घालतो:
भोंग्याने पाणवठ्यावरचं सगळं पळतं.

मागे एकदा म्हणाला, हाकेला विण ना एकदा गालिच्यात.
मी नाही म्हटलं.
गालिच्यावर लोक पाय देतात.
शिवाय आम्ही विणतो ते बहुतेक होऊन गेलेलं असतं,
बागा, बादशहांच्या शिकारी, शिंगं उगारलेली हरणं.
या जनावराला अजून धाग्यात घालायचं नाही.
तो काही बोलला नाही. मागावरची लोकर उगाच चाचपत बसला.

काल रात्री सहाव्या कार्डावर,
वारा, वारा, उंट, वारा,
तीन वाजून चाळीस मिनिटं,
फोटोच्या उजव्या कडेला
वीतभर शेपूट, टोकाला काळी कडी.
बाकी सगळी चौकटीबाहेर.
मागचा फोटो पाहिला. वारा.
पुढचा पाहिला. वारा.

तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, मोजे न काढता.
उठवलं नाही.
नुसत्या शेपटीसाठी दमलेल्या माणसाला उठवू नये.
पण सामोवार मात्र
तास दीड तास आधीच पेटवला.