सात गोळ्या

वडगावात लाईट गेली की
आधी माग थांबतात, मग कुत्री भुंकतात,
मग कुठं आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

त्या सांजेला सातेरीनं डबा उघडला.
कागद काढलेल्या लिमलेट गोळ्या, सात चवींच्या, मूठ मूठ.
"मालक विचारालाय, कुठली चालंल.
घरात खायला घाला म्हणाला, आणि सांगा."
डोळे बांधायला बाबांचा लाल काठाचा टॉवेल,
मार्क लिहायला मी, गेल्या महिन्याच्या लाईट बिलाच्या पाठीवर.

साईली म्हणाली, आंबा.
होता अननस.
दुसरीलाही आंबा. होतं संत्रं.
तिसरीलाही आंबाच.
"अगं, किती वेळा?"
"कधीतरी येईलच की."

बाबांच्या नाकात चाळीस वर्षांची सुताची धूळ,
त्यांना फोडणी करपलेली कळत नाही.
त्यांनी गोळी चोखलीच नाही, दातावर आपटली. टक्.
"पाक एक उकळी जास्त झालाय.
चवीचं तुमचं तुम्ही बघा."
त्याला रकाना नव्हता. मी बिलाच्या कडेला
अर्धा मार्क लिहून ठेवला.

निंगव्वा वहिनी लगेच म्हणाली, शुंठी.
मी लिहिलं, चूक. सुंठ नव्हे, आलं.
"भावजी, खोडा ते!
आमच्या गोकाकात ओल्यालाही शुंठीच म्हणतात. हसी शुंठी."
"हसायची शुंठी?" साईलीनं विचारलं,
आणि टॉवेलाखाली वहिनीला असं हसू फुटलं
की गोळी पडली, घरंगळली, कोंबडीच्या डालग्याखाली गेली.
बाबा म्हणाले, "द्या तिला मार्क. कोंबडीलाही द्या."

मग सातेरीची पाळी.
तो हसत बसला, मांडी घालून,
रोज आठ तास ह्याच गोळ्यांना कागद गुंडाळणारा.
आम्ही म्हटलं, हा काय, पैकीच्या पैकी.

पहिली, पेरू म्हणाला. नव्हती.
दुसरी, गुलाब. नव्हती.
तिसरीला बराच वेळ काहीच म्हणाला नाही,
जीभ गालात फिरवत राहिला
परक्या गावात घर शोधल्यासारखी.
"हिरव्या कागदातली काय ही?" त्यानं हळूच विचारलं.
कागद तर आम्ही काढून टाकलेले.

"तू खातोस की नाही रे तिथं?"
"मोजून देतात," तो म्हणाला.
"संध्याकाळी मोजून घेतात."

कुणी काही बोललं नाही.
साईलीनं आपल्या वाट्याची सातवी
त्याच्या ओठांशी धरली. आंबाच होता तो.
त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात
लाईट आली.

गल्लीभर माग सुरू झाले, खडाक् खडाक्,
टॉवेल बांधलेला सातेरी काहीतरी म्हणाला,
ओठ हलले, वहिनी पुढं वाकली, "काय? काय म्हणालास?"
त्यानं पुन्हा सांगितलं असेल.
माझ्या कागदावर ती जागा अजून रिकामी आहे,
आणि पलीकडच्या बाजूला, थकबाकीसकट,
एक हजार एकशे चाळीस.