भरती

आठ दिवस दर्यावर जायचं तर
मला अर्धा तास पुरतो.
बर्फ, डिझेल, तांदूळ, कांदे, पाण्याची पिंपं,
आणि मिठाची पुडी,
जी दुसरा कुणी आणेल असं दर वेळी सगळ्यांनाच वाटतं.
शेवटी लागणार ते तळाशी.
हे बापाने शिकवलं, शिव्या देऊन.

आज चार तासांसाठी निघायचंय.
दाभोळहून फेरीने पलीकडे, तिथून वडापने गुहागर,
बायला दुसरा डोस.
सुविधाची रजा संपली, काजूच्या कारखान्यात सकाळची पाळी.
बोटीचं इंजिन उतरवलंय, म्हणून मी.
जाताना म्हणाली,
"सगळं खाटेवर काढून ठेवलंय. तुम्ही फक्त भरा."

फक्त.

झबली तीन. दुपटी चार, त्यातलं एक
सासूच्या लुगड्याचं, धुवून धुवून सायीसारखं झालेलं.
डायपर पाच. पाच कशाला? दोन ठेवले.
अंगणात एक चक्कर मारून आलो
आणि पुन्हा पाच केले.
टोपरं. वेखंडाची डबी. पुसायच्या ओल्या कागदांचं पाकीट.
गरम पाण्याचा थर्मास, वाटी, बोंडलं.
आणि दूध.
पहाटे चारला उठून, भिंतीकडे तोंड करून तिने काढलेलं,
औषधाच्या बाटलीएवढ्या बाटलीत.

इथे मी कुणाला विचारलं नाही.
बर्फ मला कळतो.
खाली चुरा, मध्ये बाटली, वर चुरा, भोवती ओलं फडकं.
माझ्या हातचं पापलेट
मुंबईपर्यंत डोळे चकचकीत ठेवून जातं.

दारातून मरियमचाची म्हणाली,
"खाडी ओलांडतोस, लोखंडाचं कायतरी ठेव."
खिशात इंजिनाचा नट होता.
दुपट्याच्या टोकाला बांधला.

फेरी खाडीच्या मध्यावर,
आणि बायने तिचं काम उरकलं.
मानेपर्यंत.
पिशवीत हात घातला तर वर थर्मास, टोपरं, बोंडलं, वेखंड,
आणि डायपर पार तळाशी.
बापाचा नियम बरोबर होता.
शेवटी काय लागणार,
ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

एका टेम्पोच्या बॉनेटवर सगळा संसार मांडला.
टेम्पोवाला काही बोलला नाही,
फक्त गणपतीचं स्टिकर होतं तिथून झबलं सरकवलं.
रिकाम्या हाऱ्याला टेकून बसलेली बाई उठली.
"अरे, पोर आहे ती. बांगडा धरल्यासारखी काय धरतोस?"
एका हाताने तिने दोन्ही पाय उचलले,
दुसऱ्या हाताने पुसलं, गुंडाळलं,
आणि जाता जाता माझ्या बर्फात बोट खुपसून म्हणाली,
"हे बाकी बरं भरलंयस."
मला इतकं बरं वाटलं
की तिचं नाव विचारायचं राहिलं.
बाय तिच्याच खांद्यावर झोपली, धोपावं येईपर्यंत.

डॉक्टरांनी कार्ड मागितलं.
मी टेबलावर एक एक काढत गेलो:
बोंडलं, दुसरं टोपरं (दुसरं कधी ठेवलं?), नट.
कार्ड टीव्हीवर राहिलं होतं.
डॉक्टरांनी नट उचलून पाहिला, खाली ठेवला
आणि चिठ्ठीवर लिहिलं: मिहिका रूपेश पावसकर,
अडीच महिने, डावी मांडी.

सुई टोचली तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं.
रडली ती नंतर.
त्या मधल्या क्षणासाठी
मी पिशवीत काहीच ठेवलं नव्हतं.

येताना दूध संपलेलं, बर्फाचं पाणी झालेलं,
पाच डायपरांतला एक उरलेला,
तरी पिशवी जाताना होती त्याहून जड.

संध्याकाळी सुविधाने ती ओट्यावर उपडी केली.
आधी बाटली उजेडात धरून पाहिली.
मग लुगड्याचं दुपटं नाकाशी नेलं
आणि थांबली.

"मासळीचा वास येतोय."
मी म्हटलं, येणारच, माझा असेल.
"तुमचा मला माहीत आहे," ती म्हणाली.
"हा कुणाचा?"