गुलाबी दोऱ्याची खोली

तेवीस बोर्ड रंगवले होते मी
अशोक चौकापुढच्या विडी कामगार दवाखान्यात,
पत्र्यावर, ऑइल पेंटात, अक्षराला काळी सावली देऊन.
विश्वस्तांची नावं सगळ्यांत मोठी,
कारण पैसे त्यांचे.
खाली डॉक्टरांच्या पदव्या, मग ‘शांतता राखा’,
मग ‘थुंकू नये’, मग ‘उगाच चौकशी करू नये’,
आणि उरलेल्या चार बोटं जागेत
केसपेपर कुठं मिळतो ते.

चेअरमननी चहा पाजला.
मीही लांबून बघितलं, मान तिरपी करून.
‘क्ष-किरण’मधला क्ष असा बसला होता
की कुणी दिवाणखान्यात लावावा.

आठ दिवसांनी गेलो, दीडशे रुपये राहिले होते.
दारात स्टुलावर मशाक, वॉचमन. घसा बसलेला.
म्हटलं, आता तरी गप बसायला मिळत असेल तुला?
तो म्हणाला, “पेंटर, बस इथं. मोज.”

बसलो. ऊन त्रेचाळीस, पायरी तव्यासारखी.
कागद नव्हता, फरशीवर खडूनं रेघा ओढल्या.
पेपर कुठं? एकोणतीस.
सुई कुठं? सतरा.
बाथरूम मात्र बायका विचारतच नव्हत्या,
इकडंतिकडं बघायच्या, पदर सारखा करून परत बसायच्या.
त्याची रेघ कशी ओढायची?

नरसव्वा बिंगी माझ्या क्षच्या बरोबर खाली उभी राहिली.
मांडीवर सूप नव्हतं, तरी बोटं विडी वळत होती.
“एक्सरे एक्कड?”
मशाकनं हात केला: सरळ, मग डावीकडं, मग तिथं विचार.
‘तिथं विचार’ हे त्याचं दर वेळचं शेपूट.
ती गेली आणि औषधाच्या रांगेत लागली.
पाऊण तास.
माझं वळणदार अक्षर कुणी तिला वाचून दाखवलं नाही.
मीही नाही.

परत आली तेव्हा विचारलं, मावशी, वाचता येत नाही होय?
(घाण प्रश्न. आता कळतंय.)
“दोरा वळखते की,” ती म्हणाली.
“गुलाबी दोरा आमच्या कारखान्याचा, हिरवा पलीकडच्याचा.
चाळीस वर्सं झाली, दोरा चुकला नाही आपला.”

रविवारी मशाकनं किल्ली दिली. चेअरमनला सांगितलं नाही.
गुडघ्यावर बसून दारापासून
ओढत नेले फरशीवर बोटभर रुंदीचे दोरे:
पेपरला पिवळा, सुईला हिरवा,
एक्सरेला गुलाबी, पाण्याच्या टाकीला वळसा घालून.
आणि एक निळा, भिंतीच्या कडेकडेनं,
कुणाला न विचारता जाता यावं असा.
मग नऊ बोर्ड उतरवले.
क्ष काढताना हात जरा थांबला. तो घरी माळ्यावर आहे.
विश्वस्तांची नावं तशीच ठेवली. इतका येडा नाही मी.

चेअरमन ओरडले, फरशी नासवली म्हणून.
दीडशे बुडाले ते बुडालेच.

आता बायका म्हणतात, गुलाबी दोऱ्याच्या खोलीत जायचंय.
मशाकचा घसा सुटलाय.
तरी काही जणी, दोरा पायाखाली असतानाच,
त्याच्यापाशी थांबतात: “गुलाबीच न्हवं?”
“गुलाबीच.”
एवढं ऐकून निघतात.

एक राहिलं.
गुलाबी रंग खोलीच्या दोन हात अलीकडंच संपला होता.
डबा खरवडला, टर्पेंटाइन घातलं, ब्रश पिळला,
दोरा फिकट होत होत फरशीत विरला.
सोमवारी पुरा करू म्हणून डबा घेऊन गेलो.
तर एक म्हातारी त्या टोकाशी आलेली, थांबलेली.
पायाकडं बघितलं तिनं,
मग मान वर केली.
समोर दार होतं.

डबा तसाच घेऊन घरी आलो.