हातमोजे घालून

पुंता अरेनासात वारा सुटला की
रस्त्यांच्या कडेने दोर बांधतात, धरून चालायला.
मला तसाच एक दोर हवा होता
त्या तीन आठवड्यांत,
जेव्हा हातात होता कुणीतरी टाकून दिलेला
तळहाताएवढा संगणक, लेखणी हरवलेला,
आणि डोक्यात एकच हट्ट :
लोकरीच्या गाठी मोजायचा प्रोग्राम मी लिहीन.

मी, ओब्दुलिया. वजनकाट्यावरची कारकून.
शाळेत गणितात काठावर पास.

लिहीन, पण कशात?

मावसभाऊ रिगोबेर्तो फोनवर म्हणाला, सी शिक.
फुकट आहे, आणि पार हाडापर्यंत नेतं.
(तो स्वतः कधी हाडापर्यंत गेलेला नाही.)
टेलिफोनच्या तारेतून रात्रभर ते थेंबथेंब उतरलं.
सकाळी काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
लुकलुकत बसली,
जणू बोलायची पाळी माझीच होती.

दुसरं साधन देखणं.
बटण उचला, ठेवा. खिडकी ओढा, सोडा.
तीस दिवस पाहुणचार, एकतिसाव्या दिवशी बिल,
माझ्या दोन पगारांचं.
शिवाय त्यात केलेलं काहीही चालवायचं
तर आधी त्याचं बिऱ्हाड यंत्रात वसवायचं,
आणि यंत्रात जागा जेमतेम दोन खोल्यांची.

तिसरं अगदी गरीब, इवलंसं बेसिक.
थेट यंत्रावरच लिहायचं,
बसथांब्यावर, नाहीतर बटाटे उकडेपर्यंत.
"खेळणं आहे ते," म्हणाला दुकानातला पोरगा,
मला बॅटऱ्या विकता विकता.

मग मी वहीत रकाने आखले.
किंमत. वेग. पुस्तकं मिळतात का.
पुढे वाढवता येईल का.
पुढे म्हणजे कुठे, ते मला ठाऊक नव्हतं,
तरी सर्वांत जास्त गुण त्याच रकान्याला.
वही भरली. प्रोग्रामची एक ओळ झाली नव्हती.
स्वयंपाक राहिला बाजूला,
मी भांड्यांच्या दुकानातच मुक्काम ठोकला होता.

मिलेन्को, आमचा मुकादम,
वहीबद्दल काही बोलला नाही.
यंत्र घेतलं. हातमोजे काढले नाहीत.
पडद्यावर अंगठा ठेवला.
चार अक्षरं एकदम दाबली गेली.
"असं चालेल का?" एवढंच.

माझ्या एकाही रकान्यात अंगठा नव्हता.

त्या रात्री तिघांकडे एकच मागणी :
अख्ख्या पडद्याएवढं बटण दे.
देखण्यानं दिलं, पण त्याचा संसार मांडून झाल्यावर
गाठींची यादी ठेवायला कोपरा उरेना.
सी म्हणालं, देईन,
आधी बटण म्हणजे काय ते सांग.
सांगता सांगता मला पहाट झाली.
खेळण्यानं दोन ओळींत चौकोन काढला.
मी चुकले की म्हणे,
ओळ चाळीस, कंस उघडा राहिलाय.
शेजारीण दाराची कडी राहिल्याचं सांगते तसं.

मी तिथेच थांबले.

हंगामाचा पहिला दिवस. गाठ एकशे ऐंशी किलोची.
एकशे ब्याऐंशीपर्यंत सगळं सुरळीत.
एकशे त्र्याऐंशीव्या गाठीला लोकर उणे झाली.
उणे बत्तीस हजार पाचशे शहाण्णव किलो,
म्हणजे उलट मीच गोदामाचं देणं लागत होते!
मिलेन्कोनं पडद्याकडे पाहिलं, मग थप्पीकडे,
खिशातून खडू काढला
आणि भिंतीवर रेघा ओढू लागला.

उपड्या खोक्यावर, मेंढ्यांच्या वासात,
मी माहितीचं शेवटचं पान वाचलं.
बारीक अक्षरात होतं :
इथे आकडे बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच,
पुढे उलटे फिरतात.
हे रिगोबेर्तोनं सांगितलं नव्हतं.
माझ्या रकान्यांनीही नाही.

टन वेगळे ठेवले, किलो वेगळे.
दुपारी पुन्हा अंगठा पडू लागला,
मोज्यासकट, जाडजूड, बिनचूक.
संध्याकाळी भिंत आणि पडदा जुळले,
एका गाठीचा फरक सोडून.

ती गाठ कुणी चुकवली, अजून ठरलेलं नाही.
मिलेन्को म्हणतो, यंत्रानं.
मी म्हणते, खडूनं.