मायक्रोलाईट

दस्तगीरभाऊ दगड घासतो.
काचेच्या पट्टीवर आगाशिवचा काळा तुकडा,
कार्बोरंडमची पूड, पाण्याचे चार थेंब,
आणि इंग्रजी आठ काढत फिरणारी तीन बोटं.
"अजून जाड आहे," मी म्हणते.
"असू दे मॅडम. दगडाला सवय नसती
उजेड पलीकडं जाऊ द्यायची."

सत्तावीस वर्षं कराडच्या या लॅबमध्ये हेच.
मग मायक्रोस्कोपखाली दिसतात
बारीक पांढऱ्या काड्या,
काडेपेटी सांडावी तशा,
पण बहुतेक एकाच दिशेला तोंड करून.
मुलांना सांगते, हे मायक्रोलाईट.
लाव्हा घाईत थिजला, यांना वाढायला सवड मिळाली नाही.
तो वाहत कुठं होता,
तेवढं मात्र यांनी धरून ठेवलं.

मार्चमध्ये तौफिकचा फोन, विमानतळावरून.
तिथं तो इंजिनाचं ऑइल बदलतो.
"अब्बा, मायक्रोलाईट आलंय. बघायला या."
"कुठल्या खाणीतलं?"
तिकडं बराच वेळ हसणं.
भाऊनं फोन ठेवला, हात धुतले,
"शब्द आपल्या लॅबचा आहे," म्हणाला,
न विचारता कुणी कपाटाची किल्ली नेल्यासारखा.

माझ्या स्कूटरवर मागं बसून आला.
नळ्यांचा सांगाडा, कापडाचे पंख, दोन सीटा.
"एवढंसं?"
"हलकं आहे म्हणून तर उडतंय, अब्बा."
भाऊनं पंखाला नखानं टिचकी मारली.
कापडातून पलीकडचं ऊन दिसत होतं.
"बरं घासलंय," म्हणाला.

बारा मिनिटं तो वर होता.
मी त्याच्या चपलांपाशी उभी.
(चपला का काढल्या, त्यालाच माहीत.)
तौफिक आकाशाकडं न बघता
स्क्रू मोजत होता, परत परत.

परतताना ओगलेवाडीच्या फाटकापर्यंत गप्प.
मग मागून, माझ्या कानापाशी:
"उसाच्या सगळ्या सऱ्या एका अंगानं जातात, मॅडम.
विमान कलंडलं की एक फड काळा पडायचा,
शेजारचा उजळायचा.
आपण स्टेज फिरवतो ना, तसं."
फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवत राहिले.
मला गाडी चालू करायची सुचेना.

मेमध्ये तो रिटायर होणार.
जागा भरणार नाहीत, असं पत्र आलंय.
काल शेवटची स्लाईड करायला बसला,
बराच वेळ. मी दोनदा म्हटलं, पुरे आता.
तेवढ्यात छपरावरून
मोपेडसारखा आवाज गेला
आणि त्याची बोटं आठ काढतच राहिली.

पट्टी धुऊन त्यानं खिडकीकडं धरली.
नुसती काच.
सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
"गेला," तो म्हणाला,
आणि पट्टी तशीच डोळ्यासमोर धरून
वर बघत राहिला.