वीस मैलांच्या हद्दीत

गिअरच्या दांड्याशेजारी एक बटण आहे,
अंगठ्याच्या नखाएवढं.
दाबलं की काट्यांमागचा उजेड लाल होतो,
स्टिअरिंग जड होतं,
सायलेन्सरचा घसा मोकळा होतो.
गाडी बंद केली की ती हे सगळं विसरते.
रोज सकाळी नव्यानं सांगावं लागतं तिला
ती कोण आहे ते.

तीनशे घोडे, सहा गिअर,
आणि आमच्या गावात वेगाची हद्द ताशी वीस मैल.
शाळेपाशी वीस, चॅपलपाशी वीस,
जिथं मेंढ्यांशिवाय कुणी राहत नाही
त्या उतारावरही, पाटी संपेपर्यंत, वीस.
मी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत जाते,
लग्नातले बूट घालून दूध आणायला निघालेल्या बाईसारखी.
ग्वेनलियन पॅरी खिडकी लावून घेते.
लावू दे.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
शेजारी माझा बाप बसतो. इद्वल.
क्रिमिया खिंड ओलांडून बँगरला, डायलिसिसला.
जाताना बटण नको म्हणतो,
खड्डा न् खड्डा हाडांत उतरतो.
येताना दंडावर पट्टी, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा,
आणि पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत: "दाब."
जाताना मी पेशंट, म्हणतो, येताना ड्रायव्हर.

एकतीस वर्षं त्यानं याच खिंडीतून
स्लेटच्या लॉऱ्या उतरवल्या,
पोरांच्या पाट्या व्हायच्या त्याच दगडाच्या.
क्लच दोनदा, मधे ॲक्सिलरेटरला एक टिचकी,
मग गिअर असा पडायचा, म्हणे,
की मागच्या दगडांनासुद्धा कळायचं नाही.

माझ्या गाडीत ती टिचकी गाडीच मारते.
स्पोर्टमध्ये असली की खालचा गिअर टाकताना
स्वतःच एक हुंकार देते, फेरे जुळवून घेते.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं विचारलं,
"हे कुणी केलं?"
"गाडीनं."
"मग तू काय करतेस?"

पण मी त्याचा पाय बघितला होता.
तपकिरी बूट, नाडी सैल, घोटा सुजलेला,
समोर पेडल नाही, नुसता रबरी पायपोस,
आणि प्रत्येक वळणाआधी टाच टेकवून
चवडा किंचित दाबला जायचा.
इंजिनाच्या अर्धा क्षण आधी.
दोन हिवाळे, एकदाही न चुकता.
गाडी त्याच्या मागून बोलायची.

फेब्रुवारीत एका शनिवारी
डॉल्विथेलनच्या पुलाअलीकडे
मी चौथ्यावरून तिसरा टाकला.
आधी हुंकार आला.
मग पाय.

त्यालाही कळलं.
तो खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिला.
मीही घरापर्यंत रस्ता सोडून काही बघितलं नाही.

त्या रात्री गाडीचं पुस्तक काढलं,
टेबलावर, चहाचा डाग पडलेलं.
दोनशेबारावं पान.
गाडीची टिचकी बंद करता येते, बाकी स्पोर्ट तसाच ठेवून.
आठ वेळा दाबल्यावर जमलं.

आता मीच मारते.
ब्रेकवर चवडा, बुटाची कड ॲक्सिलरेटरवर,
आणि दर तिसऱ्या वळणाला गाडी
आम्हा दोघांना पुढं ढकलून देते.
"उशीर," तो म्हणतो.
पुढच्याला: "लवकर. कसली घाई आहे?"
त्याच्या पुढच्याला काहीच म्हणत नाही,
म्हणजे बरं झालं असावं.
"तुझी आईसुद्धा अशीच चालवायची," मग एकदम,
"आणि तिला लायसन्स नव्हतं."
त्याचा पाय कधी आधी असतो, कधी नंतर.
माझाही.

गावाची वेस. वीसची पाटी.
दुसरा गिअर, लाल उजेड, पाऊस बारीक.
दाराशी आलो तरी तो पट्टा सोडत नाही.
"राहू दे जरा चालू."
पेट्रोल जळतं. काटा हजाराच्या खाली थरथरतो.
पॅरीबाईंचा पडदा हलतो.
मी चावीला हात लावत नाही.